पहिल्या खेपेला कुणी विचारलंच नव्हतं, आता गर्भाची तपासणी करू की नको?

तुम्ही लिहिलंय, तुमचं वय ३३, दुसरी खेप, दहावा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी 'सगळ्या तपासण्या' झाल्या, मूल निरोगी झालं, आणि आता जुनी फाइल चाळताना लक्षात आलं की त्यातली एक रक्ततपासणी डाउन सिंड्रोमसाठी (पेशींत एक गुणसूत्र जास्त असल्याने होणाऱ्या जन्मजात स्थितीसाठी) होती. तेव्हा ना कुणी सांगितलं, ना विचारलं. आता सासूबाई म्हणतात, पहिलं लेकरू धडधाकट आहे, मग उगाच शंका कशाला काढायच्या. नवरा म्हणतो, सरळ ती सगळ्यांत महागडी, खात्रीची चाचणी करू आणि मोकळे होऊ. आणि तुम्ही विचारताय, "करू की नको? आणि इतकी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, हा माझाच हलगर्जीपणा का?"

गर्भवती स्त्रियांना आणि जोडप्यांना जनुकीय तपासण्यांबद्दल समजावून सांगणं हेच माझं काम आहे, बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, हा तुमचा हलगर्जीपणा नाही.

समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीला मी सुरुवातीला विचारते, "ही तपासणी कशासाठी सांगितली आहे असं तुम्हाला वाटतं?" उत्तरं ठरलेली असतात. बाळाची वाढ बघायला. बाळ व्यवस्थित आहे ना, ते बघायला. डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून. खूप शिकलेल्या, अगदी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या बायकाही हेच सांगतात. कितव्या आठवड्यात जायचं, रक्त द्यायचं की सोनोग्राफी, रिपोर्ट कधी मिळणार, हे त्यांना पाठ असतं. ठाऊक नसतं ते वेगळंच. कोणत्या आजारासाठी ही तपासणी आहे, तो आजार झालेलं मूल कसं असतं, 'लो रिस्क' आलं म्हणजे नेमकं काय कळलं, 'हाय रिस्क' आलं तर पुढे काय, आणि मुळात या तपासणीला नको म्हणता येतं का.

असं का होतं, त्याचं कारण बायकांच्या अडाणीपणात नाही, तपासण्या ज्या पद्धतीने केल्या जातात त्यात आहे. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या आहेत. साखर वाढली तर आहार आहे, इन्सुलिन आहे. रक्तगट, थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही, या सगळ्यांवर उत्तर आलं की करण्यासारखं काहीतरी असतं, म्हणून तिथे होय-नकोची फारशी चर्चा होत नाही. डाउनची चाळणी त्याच कागदावर, त्याच रांगेत, त्याच सुईने होते. पण तिची जात वेगळी आहे. जास्तीचं गुणसूत्र काढून टाकणारं औषध नाही. तिच्या उत्तरातून उपचार निघत नाही, निर्णय निघतो: पुढची, सुई घालून करायची तपासणी करायची का, गर्भ ठेवायचा का, ठेवायचा असेल तर तयारी कशी करायची. असा निर्णय ज्या तपासणीच्या पाठोपाठ येऊ शकतो, ती करण्याआधी पाच मिनिटं बोलणं हा तुमचा हक्क होता. पहिल्या वेळी तो तुम्हाला मिळाला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, रिपोर्ट चांगला आला असला तरीही.

२००१ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ थेरेसा मार्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक मोजमाप मांडलं. ते मला आजही फार उपयोगी पडतं. निवड 'समजून-उमजून केलेली' कधी म्हणायची? बाईजवळ पुरेशी माहिती असेल, तपासणीबद्दल तिचा स्वतःचा कल काय ते स्पष्ट असेल, आणि तिने जे केलं ते त्या कलाशी जुळत असेल तेव्हा. यात तपासणी करणारीला शाबासकी नाही आणि नाकारणारीला दोषही नाही. माहिती घेऊन, विचार करून नको म्हणणारी बाई या मापात पूर्ण उतरते. काहीच न कळता रक्त देऊन आलेली उतरत नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेते. 'कोणती तपासणी चांगली' हा पुढचा प्रश्न आहे. त्याआधीचा असा: या तपासणीतून मला काय कळणार आहे, आणि ते कळल्यावर मी त्याचं काय करणार आहे?

काय कळतं, ते आधी पाहू. दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ठेवा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. एक चाळणी चाचणी. तिच्यातून फक्त शक्यता कळते. दुसरी निदान चाचणी. तिच्यातून गर्भाची गुणसूत्रं प्रत्यक्ष पाहिली जातात. डबल मार्कर आणि क्वाड्रुपल मार्कर या रक्ततपासण्या, एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि ज्या महागड्या चाचणीबद्दल तुमचे यजमान बोलताहेत ती एनआयपीटी, या सगळ्या चाळण्याच आहेत. निदान फक्त वारेचा बारीक नमुना घेऊन, म्हणजे सीव्हीएस करून, किंवा गर्भजल काढून, म्हणजे अॅम्निओसेंटेसिस करून होतं.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान जी एकत्रित चाचणी करतात तिच्यात सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागचा द्रवाचा थर मोजतात, हाच एनटी, आणि आईच्या रक्तातले दोन घटक पाहतात. हे आकडे आईच्या वयाशी जोडून शक्यता काढली जाते. डाउन असलेल्या १०० गर्भांपैकी साधारण ८५ ते ९० गर्भ ही चाचणी पकडते. त्यासाठी निरोगी गर्भ असलेल्या १०० जणींपैकी साधारण पाच जणींना 'हाय रिस्क' सांगितलं जातं.

हे आकडे माणसांत मांडून पाहा. दहा हजार गर्भवती आहेत आणि त्यांतल्या वीस जणींच्या गर्भाला डाउन आहे असं धरू. एकत्रित चाचणी त्या विसांतल्या सतरा-अठरा जणी पकडेल, दोन-तीन सुटतील. आणि त्यांच्यासोबत जवळजवळ पाचशे जणी अशा निघतील की ज्यांचं बाळ ठीक असूनही रिपोर्टवर लाल शाईत 'हाय रिस्क' असेल. म्हणजे हाय रिस्क आलेल्या साधारण तीस जणींमागे एकीच्याच गर्भाला डाउन असतं. आणि लो रिस्क आलेल्यांतही दोन-तीन जणींना असतं. हा रिपोर्ट हातात पडल्यावर रात्रभर न झोपलेल्या, रडून डोळे सुजलेल्या बायका मी नेहमी पाहते. हा हिशेब आधी कुणी मांडून दाखवला असता तर त्यांतल्या कितीतरी जणींची ती रात्र इतकी वाईट गेली नसती.

आता एनआयपीटी. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गर्भाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. त्यावरून २०११ च्या सुमारास ही चाचणी प्रत्यक्ष वापरात आली. दहाव्या आठवड्यापासून करता येते, आईच्या हाताचं रक्त पुरतं, गर्भाला काही धोका नाही. डाउनच्या बाबतीत १०० पैकी ९९ गर्भ ती पकडते आणि चुकून 'हाय रिस्क' येण्याचं प्रमाण हजारात एक किंवा त्याहूनही कमी. आपल्याच दहा हजार बायकांत ती विसाच्या वीस किंवा एकोणीस पकडेल आणि दहाएक जणींना चुकीची भीती दाखवेल. पाचशेच्या जागी दहा, हा फरक मोठा आहे. पण तरीही तीस हाय रिस्क रिपोर्टांपैकी दहा चुकीचेच आहेत, हे नजरेआड करू नका. आणि बाई जितकी तरुण, तितका चुकीच्या रिपोर्टांचा वाटा जास्त, कारण मुळात डाउनची शक्यताच कमी असते.

चूक होण्यामागे कारणही आहे. रक्तात सापडणारा तो डीएनए गर्भाच्या अंगातून थेट येत नाही, बहुतांशी वारेतून येतो. कधी कधी वारेतल्या काही पेशींत जास्तीचं गुणसूत्र असतं आणि बाळात नसतं. शिवाय गर्भाच्या डीएनएचं प्रमाण फारच कमी असेल तर रिपोर्टच देता येत नाही. आईचं वजन बरंच जास्त असेल किंवा रक्त फार लवकर घेतलं असेल तर असं होऊ शकतं. म्हणून एनआयपीटीत हाय रिस्क आलं तरी गर्भजल तपासल्याशिवाय कोणताही टोकाचा निर्णय घेऊ नये, हे मी प्रत्येक जोडप्याला दोनदा सांगते.

यजमानांच्या 'करून मोकळे होऊ' या म्हणण्यातला दुसरा धोका असा की एनआयपीटी फक्त मोजकीच गुणसूत्रं पाहते. हृदयाची रचना, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, टाळू यांतलं ती काहीच पाहत नाही. दर १०० बाळांमागे साधारण दोन-तीन बाळांत जन्मतः काही ना काही मोठा दोष असतो आणि त्यांतला डाउनचा वाटा लहान आहे. अठरा ते बावीस आठवड्यांमधली अॅनॉमली स्कॅन त्यासाठीच असते, एनआयपीटी केली तरी ती चुकवायची नाही. आणि तीही सगळं पकडत नाही. हृदयाचे काही दोष अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाहीत. अकराव्या आठवड्यानंतरची एनटी सोनोग्राफीसुद्धा सोडू नका. एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आला तर एनआयपीटी चांगली असूनही मी निदान चाचणीबद्दल आणि गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल बोलते.

सासूबाईंचं म्हणणं मला झटकून टाकायचं नाही. त्यामागे काय असतं ते मी ओळखते. शुभ घडत असताना अभद्र बोलू नये, ही भावना. नातसुनेचा, सुनेचा जीव घाबरा होऊ नये, ही काळजी. कधी कधी याच्याही खाली एक भीती असते: काही निघालं तर हिला काय करायला लावतील? ही भीती खरी आहे आणि तिच्यावर बोलायला हवं. फक्त एक गोष्ट त्यांना प्रेमाने सांगा. डाउन बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि ते कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. त्यामुळे पहिलं मूल निरोगी असणं ही दुसऱ्यासाठी हमी नाही. पहिल्या वेळचा चांगला रिपोर्टही या खेपेला लागू होत नाही.

उलट एक आजार असा आहे की जो घराण्यातून येतो आणि जिथे पहिलं मूल निरोगी असल्याने फसगत होते. थॅलेसेमिया. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, पहिलं मूल ठणठणीत असलं तरी. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, फार तर थोडा रक्तक्षय. जुन्या फाइलमध्ये तुमची हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी झालेली दिसते का ते पाहा. नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. तुम्ही वाहक निघालात तर लगेच यजमानांची. डाउनच्या चाळणीबद्दल मी कुणाला आग्रह करत नाही, याबद्दल मात्र करते. तपासणी सोपी आहे, उत्तर स्पष्ट येतं, आणि वेळेत कळलं तर सगळे मार्ग खुले राहतात.

तुमच्या वयाबद्दलही लिहायला हवं, कारण 'पस्तिशीच्या आत काळजी नाही' असं तुम्ही ऐकलं असेल. ही पस्तिशीची रेघ निसर्गाने आखलेली नाही. १९७० च्या दशकात निदानाचा एकच मार्ग होता, गर्भजल काढण्याचा, आणि त्यात गर्भपाताचा काही धोका होता. ज्या वयाला डाउनची शक्यता या धोक्याच्या आसपास पोहोचते ते वय सोयीसाठी पस्तीस धरलं गेलं. आता चाळण्या सुरक्षित झाल्या आहेत. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वयाची अट काढून सगळ्याच गर्भवतींना ही तपासणी देऊ करावी असं म्हटलं. शक्यता वयागणिक चढत जाते: तिसाव्या वर्षी साधारण हजारात एक, तुमच्या वयाला साडेपाचशे-सहाशेत एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एकच्या आसपास. तुमचाच आकडा उलटा वाचा: तुमच्या वयाच्या सहाशे जणींपैकी ५९९ जणींच्या बाळाला डाउन नसतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं वाचल्यावर तुमचं मन कुठे गेलं, त्यावरून तुमचा कल थोडा उमगेल.

कल. सगळ्यांत जास्त वेळ मी इथे देते, आणि घाईत सगळ्यांत आधी हेच राहून जातं.

माझ्याकडे येणाऱ्या काही बायका ठाम असतात की काहीही निघालं तरी बाळ ठेवायचंच. त्यांतल्याही निम्म्या म्हणतात, मग तपासणी नकोच, नऊ महिने निवांत जाऊ देत. बाकीच्या म्हणतात, आम्हाला आधी कळायला हवं. डाउन असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, तेव्हा बाळंतपण कुठे करायचं, कोणते डॉक्टर हाताशी हवेत, घरच्यांना कसं सांगायचं, हे आधी ठरवता येतं. दोन्ही उत्तरं मला सारखीच मोलाची वाटतात. काही बायकांना गर्भ ठेवायचा नसेल, हे त्या हळू आवाजात, जणू गुन्हा कबूल करत असल्यासारखं सांगतात. त्यांना मी सांगते की हे बोलल्याबद्दल इथे कुणी तुम्हाला तोलणार नाही. आणि मोठा गट असतो 'ते तेव्हा बघू' म्हणणाऱ्यांचा. यातही गैर काही नाही, फक्त 'तेव्हा' आल्यावर हातात दिवस किती असतील ते आधी माहीत हवं.

कल ठरवायचा तर आजाराबद्दल नुसतं नाव पुरत नाही. डाउन असलेली मुलं शिकतात, हसतात, हट्ट करतात, अनेक जण मोठेपणी कामही करतात. बौद्धिक वाढ कमी असते, किती कमी ते मुलागणिक फार बदलतं, आणि कोणतीही तपासणी ते आधी सांगू शकत नाही. चांगली वैद्यकीय सोय असलेल्या देशांत त्यांचं सरासरी आयुष्य साठीपर्यंत पोहोचलं आहे, म्हणजे आईबापांच्या मागे त्यांचं कोण, हा प्रश्नही खराच आहे. याच चाळणीत अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्राचे दोषही पाहिले जातात. ते फार गंभीर असतात, बहुतेक बाळं वर्षभरही जगत नाहीत. हे सगळं एका शब्दात, 'अॅबनॉर्मल' म्हणून, बायकांसमोर टाकलं जातं. मग त्या कशाबद्दल मत बनवणार?

निदान चाचणीच्या सुईची भीती जवळजवळ सगळ्यांना असते. पूर्वी शंभरात एक गर्भपात असा आकडा सांगत, तो अजून तोंडोतोंडी फिरतो. अनुभवी हातांत हा वाढीव धोका आता दोनशेत एकपेक्षा कमी धरला जातो. सीव्हीएस अकराव्या आठवड्यापासून आणि अॅम्निओसेंटेसिस पंधराव्या आठवड्यानंतर होते. ती किती लवकर होईल, मुख्य गुणसूत्रांचा रिपोर्ट किती दिवसांत आणि पूर्ण रिपोर्ट किती दिवसांत येईल, आणि गर्भपाताचा निर्णय कायद्याने कितव्या आठवड्यापर्यंत घेता येतो, हे ठिकाणागणिक बदलतं. तुमच्या डॉक्टरांकडून हे आत्ताच, रक्त देण्याआधी, विचारून घ्या.

तर तुमच्यापुरतं असं करा. तुमच्या हाताशी अजून आठवडाभर तरी आहे. आज रात्री तुम्ही आणि यजमान वेगवेगळ्या कागदावर एकच उत्तर लिहा: 'हाय रिस्क आलं तर मी गर्भजल तपासू देईन का, आणि त्यातही डाउन निघालं तर मला काय करावंसं वाटतं?' नंतर कागद अदलाबदल करा. अनेक जोडप्यांना इथेच पहिल्यांदा कळतं की दोघं वेगळा विचार करताहेत. त्यावर भांडायचं नाही, पण रिपोर्ट यायच्या आधी बोलायचं. दोघांची मतं शेवटपर्यंत वेगळी राहिली तर सुई तुमच्या अंगात जाणार आहे, त्यामुळे 'करू नका' म्हणायचा अधिकार तुमचा.

दोघांच्या कागदावर 'कळायला हवं' असं आलं आणि पैशांची ओढाताण होणार नसेल, तर एनटी सोनोग्राफी आणि एनआयपीटी ही जोडी तुमच्या बाबतीत योग्य वाटते. ओढाताण होणार असेल तर आधी एकत्रित चाचणी, आणि तिच्यात शक्यता मध्यम किंवा जास्त आली तरच एनआयपीटी किंवा थेट गर्भजल. हा रस्ता अजिबात कमअस्सल नाही, अनेक ठिकाणी शिस्तीने हाच वापरला जातो. 'नको' असं आलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि फाइलवर तसं लिहून घ्या, म्हणजे पुढच्या भेटीत कुणी नकळत रक्त काढणार नाही. सोनोग्राफी करणाऱ्यांनाही तुम्हाला काय कळायला हवं आणि काय नको ते आधी सांगून ठेवा, कारण काही गोष्टी सोनोग्राफीत न विचारता दिसतात.

डॉक्टरांकडे जाताना जुनी फाइल न्या, रक्तगटाचा रिपोर्ट हाताशी ठेवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुईच्या तपासणीनंतर अँटी-डी इंजेक्शन (तुमच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू नयेत म्हणून देतात ते) लागू शकतं. आणि हेही विचारा की रिपोर्ट कोण सांगणार, फोनवर की समोर बसवून. हाय रिस्कचा मेसेज एकटीला, बसमध्ये किंवा कामावर असताना वाचावा लागू नये. रिपोर्ट समोरासमोरच सांगा, सोबत यजमान असतील, असं आधी सांगितलंत तर बहुतेक डॉक्टर ते मान्य करतात.